दोरातले सूत आणि पुराव्याचा भार

गुरांना डाग देणे, भांड्यांवर नाव घालणे या खुणा तुमच्या ओळखीच्या आहेत. पण दोरावर नाव कसे घालाल? टोकाला शिक्का मारला, तर चोर टोकच कापून टाकेल. ब्रिटिश नौदलापुढे हा प्रश्न खराखुरा होता. शिडाच्या एकेका युद्धनौकेला कित्येक मैल दोर लागे आणि सरकारी गोदीतून पळवलेला दोर खासगी जहाजवाल्याला सहज विकता येई.

उत्तर दोराच्या रचनेतच मिळाले. तंतू पिळून सूत, सुते पिळून पेड आणि पेड पिळून दोर होतो. प्रत्येक टप्प्यावर पीळ उलटा. विल्यम फाल्कनरच्या १७६९ च्या नौकाकोशात 'रोग्ज यार्न', म्हणजे लबाडाचे सूत, याचे वर्णन आहे: प्रत्येक पेडाच्या मधोमध एक सूत, डांबर न लावलेले आणि इतरांच्या उलट पिळाचे. दोर कुठेही कापा, खूण दिसणारच. ती काढायची तर सगळा दोर उसवावा लागेल. मला ही युक्ती आजच्या अनेक होलोग्रामांपेक्षा सरस वाटते. पुढे या सुताला रंग आले. गटेने १८०९ च्या कादंबरीत त्यातल्या लाल धाग्याची उपमा वापरली आणि जर्मन भाषेत 'लाल धागा' म्हणजे सर्वत्र खेळणारे सूत्र असा अर्थ रूढ झाला.

इतर मालाला वेगळ्या खुणा होत्या. १८७५ च्या सार्वजनिक साठा कायद्यात त्यांची यादीच आहे: शिडाच्या कापडात नागमोडी निळी रेघ, मेणबत्तीच्या वातीत निळा किंवा लाल धागा, लाकडाला आणि धातूला बाणाचे टोक. यातला बाण सर्वांत कच्चा, कारण तो कानशीने घासून जातो. म्हणून खूण पुसणे हाच वेगळा गुन्हा ठरवावा लागला.

पण खूण स्वतः चोर पकडत नाही. तिला बळ दिले १६९७-९८ च्या कायद्याने. खुणेचा माल जवळ सापडला की चोरी सिद्ध करण्याची गरज नाही. तो रीतसर आला हे बाळगणाऱ्याने दाखवायचे. नौदल जुना माल लिलावात विकतही असे, तेव्हा खरेदीदाराला दाखला जपून ठेवावा लागे. दंड २०० पौंड. अठराव्या शतकात गोदीतल्या जहाजबांधणी सुताराची रोजची मूळ मजुरी २५ पेन्स होती. २४० पेन्सचा पौंड धरून हिशेब करा: १,९२० दिवसांची कमाई! तीही वेळेवर मिळेलच असे नाही. गोदीतले पगार महिनोन्‌महिने थकत. सरकार मजुरी थकवते आणि कामगाराच्या घरातल्या दोराच्या तुकड्याचा जाब मात्र त्यालाच विचारते, हा भाग नौदलाच्या गौरवगाथांत सहसा येत नाही.

ही रीत आपल्याकडेही आहे. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा, १९६६ याचे कलम ३ वाचा. चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल कोणाच्या ताब्यात सापडला, तर तो कायदेशीरपणे आला हे त्यानेच सिद्ध करायचे; नाहीतर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. भंगारवाल्याच्या दुकानातली रुळाची फिशप्लेट घ्या. तिच्या आकारावरूनच ती रेल्वेची हे कळते, मग वेगळा शिक्का कशाला? दुकानदाराकडे लिलावाची पावती आहे की नाही, एवढ्यावर सगळे येऊन थांबते.