श्वासयंत्रावरील रुग्णाचें अन्न

आजाऱ्याच्या पोटांत दोन घांस गेले म्हणजे घरच्यांच्या जिवांत जीव येतो. पण जो शुद्धीवर नाहीं, ज्याचा श्वासही यंत्रावर चालला आहे, त्याला अन्न कसें द्यावें, आणि किती? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नानें वैद्यकशास्त्राला जवळजवळ शंभर वर्षें गुंतवून ठेविलें आहे.

सन १९३० च्या सुमारास ग्लासगो येथें डेव्हिड कथबर्टसन हे पाय मोडलेल्या रुग्णांच्या मूत्रांतील नत्र मोजीत होते. हें नत्र म्हणजे शरीरांतील प्रथिनें झिजत असल्याची खूण. मोडलेल्या जागेच्या मानानें तें फारच अधिक भरलें. दुखापत एका पायाला, पण झीज साऱ्या शरीराच्या स्नायूंची! शिवाय भरपूर आहार दिला तरी आरंभींची ही झीज पुरती थांबेना.

पुढें १९५२ सालीं कोपनहेगनमध्यें पोलिओची भयंकर सांथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकीं २७ दगावले. तेव्हां भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनीं गळ्याला छिद्र पाडून नळीवाटे फुप्फुसांत हवा भरण्याचा उपाय सुचविला. शेंकडों वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीनें रबरी पिशव्या दाबीत बसले, आणि मृत्यूचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. पुढें हें काम यंत्रांनीं उचललें. जे रुग्ण पूर्वीं लवकरच दगावत, ते आतां आठवडेच्या आठवडे जगूं लागले; पण डोळ्यांदेखत वाळूंही लागले.

ज्यांचें आंतडें काम देई, त्यांच्या नाकांतून जठरांत नळी घालून अन्न देतां येई. इतरांचें काय? १९६८ सालीं फिलाडेल्फियाचे स्टॅन्ली डड्रिक व त्यांचे सहकारी यांनीं केवळ शिरेवाटे दिलेल्या अन्नावर कुत्र्याचीं पिलें वाढविल्याचें प्रसिद्ध केलें. दाट साखरेचें पाणी लहान शिरांना सोसत नाहीं, म्हणून त्यांनीं हृदयाजवळची मोठी शीर निवडली होती.

या यशानें वैद्यांचा हात सैल झाला. रुग्ण वाळतो आहे, तर त्याला अधिक द्या, असा विचार बळावला. परंतु जास्तीच्या साखरेपासून शरीरांत कार्बन डायऑक्साइड वायु अधिक निघतो, आणि तो बाहेर टाकण्याचें ओझें त्या दुबळ्या फुप्फुसांवरच येऊन पडतें. २०११ मध्यें बेल्जममधील ४६४० रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. नळीनें दिलेल्या अन्नाची उणीव कांहींची पहिल्या दोन दिवसांतच शिरेवाटे भरून काढिली, तर कांहींची आठव्या दिवसापासून पुढें. मृत्यु दोहोंकडे सारखेच. पण थांबलेल्यांना जंतुसंसर्ग कमी झाला आणि ते लवकर सुधारले. २०२३ मध्यें फ्रान्समध्यें तीन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या प्रयोगांतही पहिल्या आठवड्यांत कमी अन्न दिल्यानें मृत्यु वाढले नाहींत.

याचा अर्थ रुग्णाला उपाशी ठेवावें असा मुळींच नव्हे. आंतडें चालत असेल तर एकदोन दिवसांत नळीनें थोडें अन्न सुरू करावें आणि शरीर सोसेल तसें वाढवावें, हा आजचा रिवाज आहे. आजाराच्या ऐन भरांत शरीर आपलेच स्नायू जाळीत असतें. तो वणवा केवळ बाहेरून अन्न ओतून विझत नाहीं. म्हणून खाटेशेजारच्या पिशवींतून अन्न थेंबथेंब उतरतांना दिसलें, तर आप्तांनीं त्याला हयगय समजूं नये. त्या संथपणामागें एवढा इतिहास उभा आहे.