घरातल्या शाळेचे व्याकरण



स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावची शाळाच तेवढी होती. पण गेले वर्षभर एक विषय माझ्या डोक्यात घोळत आहे, तोच लिहिते.

माझी धाकटी मुलगी इंग्रजी शाळेत सहावीत आहे. एके दिवशी ती म्हणाली, "आई, माझी पुस्तक कुठे आहे?" मी म्हटले, "माझी नव्हे, माझे पुस्तक." त्यावर तिने विचारले, "का?" मला उत्तर देता येईना. आपल्या मालाडात जिन्यात, बाजारात, रिक्षात सगळीकडे हिंदी कानावर पडते, आणि हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी. पोरीची चूक तरी काय? पण ती पुढे म्हणाली, "तुलाच माहीत नाही, तर मला कशाला सांगतेस?" हे मात्र मनाला लागले. त्याच दिवशी ठरवले की रोज दिवेलागणीनंतर अर्धा तास तिला घरीच व्याकरण शिकवायचे. पण पुस्तक कोणते घ्यावे?

शोधू लागले तेव्हा कळले की मराठीची आरंभीची छापील व्याकरणे मराठी माणसांनी केलेलीच नाहीत. विल्यम केरी या पाद्र्याने असे एक १८०५ साली बंगालात श्रीरामपूरला छापले, तेही इंग्रजीत, साहेबांना आपली भाषा यावी म्हणून. आपल्या लोकांसाठी व्याकरण लिहिले ते मुंबईच्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी, १८३६ साली. त्यांचा जन्म १८१४ चा, म्हणजे तेव्हा वय अवघे बावीस! पुढे त्यांना 'मराठीचे पाणिनी' म्हणू लागले. त्यांनी इंग्रजी व्याकरणाचा साचा घेतला, तो मराठीला कुठे कुठे बसत नाही म्हणून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी त्यावर टीका केली. मग १९११ साली मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. हे कवी केशवसुतांचे धाकटे बंधू. ग्रंथ एवढा जाडजूड की हातात घेतल्यावर मी तो आदराने परत ठेवला. परीक्षांना बसणारी मुले मो. रा. वाळंब्यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन' वापरतात. तेच मी विकत आणले. चांगले आहे, पण अकरा वर्षांच्या मुलीला ते दोन दिवसांत नकोसे झाले.

अशा वेळी मला पंडिता रमाबाईंच्या आईची हकीकत वाचायला मिळाली. लक्ष्मीबाई त्यांचे नाव. पती अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्यांना संस्कृत शिकवले. बायकोला देवभाषा शिकवतो म्हणून लोक उठले, तेव्हा शास्त्रीबुवांनी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात बिऱ्हाड केले. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. शास्त्रीबुवा तोवर थकले होते, म्हणून लेकीला शिकवण्याचे काम आईकडे आले. दिवसभर घरकाम आणि आलागेला. मोकळा वेळ पहाटेचाच. उजाडण्यापूर्वी त्या झोपाळू मुलीला उठवून जवळ घेत आणि पाठ सांगत. पुढे सारे कुटुंब तीर्थयात्रेला पायी फिरू लागले, तरी शिकवणे चालूच राहिले. पुस्तकावर नव्हे, मुखोद्गतावर. त्याच मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

हे वाचून मला धीर आला. माझ्यापाशी शास्त्र नाही, पण स्वयंपाकघर आहे. मी पोळ्या लाटता लाटता विचारी, तिने 'तो, ती, ते' लावून सांगायचे. आंबा तो, वाटी ती, केळे ते, लिंबू ते. आकारान्त बहुधा पुल्लिंगी, ईकारान्त बहुधा स्त्रीलिंगी, एकारान्त नपुंसकलिंगी, हे तिचे तिनेच काढले. मग एक दिवस ती ओट्यापाशी थबकली. "आई, पाणी, लोणी, दही! ही सगळी ईकारान्त, पण 'ते' कशी?" मी वाळंबे उघडले, ओळखीच्या मास्तरांनाही विचारले. निर्जीव वस्तूंच्या लिंगाला पक्का नियम नाही, लोक बोलतात तेच खरे, असे शेवटी कळले. म्हणजे वर्षापूर्वीच्या तिच्या 'का?'ला मोठमोठ्या पंडितांकडेही पुरते उत्तर नव्हते. हे मी तिला सांगितले तेव्हा ती माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहत राहिली.

आता आमची एक वही आहे. तिच्या मागच्या पानावर अपवाद लिहितो. परवा शाळेतून आली ती बूट न काढताच ओरडली, "आई, मोती! ईकारान्त आणि तो!" ते लिहून घेतले. पेनवरून मात्र तंटा मिटलेला नाही. ती 'माझा पेन' म्हणते, मी 'माझे पेन' म्हणते, आणि तिचे वडील 'माझी पेन कुणी घेतली?' असे विचारत घरभर हिंडतात.