ठिणगीची वेळ

नमुना-विमानें पूर्वीं रबराच्या पिळावर उडत. १९३३ सालीं न्यूयॉर्कजवळील रूझवेल्ट फील्डवर मॅक्सवेल बॅसेट ह्या तरुणाच्या पेट्रोल-विमानानें त्यांना जिंकलें. इंजिन फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउनचें. त्यांत ठिणगीची वेळ दांडीनें ठरे. सुरू करतांना ठिणगी उशिरा. वेग वाढला कीं दट्ट्या माथ्यावर पोंचण्याच्या बऱ्याच आधीं, कारण ज्वाला पसरण्यास अवधि लागतोच. दांडी विसरणाऱ्याच्या बोटांवर उलट्या पंख्याचा तडाखा बसे! शिवाय कॉइल, कंडेन्सर, बॅटरी हें सारें ओझें विमानानेंच वाहावें. १९४७ सालीं रे आर्डेन ह्यांच्या प्लॅटिनमच्या तारेनें तें उतरविलें. एकदां तापविलेली तार मिथेनॉलच्या ज्वलनानें तापलेलीच राही, बॅटरी जमिनीवर. दांडी गेली, इंधनानें पेट घेण्याची वेळ आतां मिश्रण, दाब आणि ऐकणाऱ्याचा कान ह्यांनीं साधावयाची.