तरवड (बीड जिल्हा)

तरवड : (सं. आवर्तकी, हिं. तरवर, ते. तंगेडू, शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलाटा, पूर्वीचे कॅसिया ऑरिक्युलाटा, कुल फॅबेसी). भारत व श्रीलंकेच्या कोरड्या भागांत वाढणारे पिवळ्या फुलांचे औषधी झुडूप. बीड जिल्ह्यात बालाघाटाचे मुरमाड माळ, गायरान, बांध आणि रस्त्यांच्या कडा ही त्याची हक्काची जागा. उंची बहुधा १ ते ३ मीटर. पान संयुक्त असून पर्णिकांच्या ८ ते १२ जोड्या असतात. देठाच्या तळाशी कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे दिसली की झुडूप ओळखण्यात चूक होत नाही. फुलात मध नसतो. भुंगे अंग थरथरवून पुंकेसरांतला पराग झाडून नेतात. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ असतात.

फुले कमी-अधिक वर्षभर येतात, पण खरा बहर पावसाळा सरतानाचा. नवरात्रात घटावर चढणाऱ्या माळांत तरवडाला मान आहे, आणि ही फुले विकत आणावी लागत नाहीत. १९४८ पर्यंत बीड ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच्या तेलुगू मुलखातही याच दिवसांत बतुकम्मा या सणासाठी ही फुले रचतात. तंगेडू हे आज तेलंगणाचे राज्यफूल आहे. मराठवाड्यात मात्र तरवडाची गणना अजून रानझुडपांतच होते, हे योग्य नाही.

लागवड : शेळ्या-गुरे तरवडाला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे चराईच्या रानातही तो टिकतो. अवर्षणाच्या जिल्ह्यात बांध आणि उतार धरून ठेवायला याहून कमी खर्चाचे झुडूप शोधावे लागेल. हिवाळ्यात वाळलेल्या शेंगा गोळा कराव्यात. बियांचे कवच टणक असते, म्हणून उकळी उतरलेल्या गरम पाण्यात टाकून त्या रात्रभर भिजू द्याव्यात. मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर जागेवरच टोकाव्यात. पहिल्या वर्षी तण काढावे. मुळे खोल गेली की पाणी द्यावे लागत नाही. चिबड जमीन त्याला मानवत नाही. पाने खाणाऱ्या अळ्या दिसल्या तरी फवारणीची घाई करू नये. त्या बहुधा पिवळसर-पांढऱ्या स्थलांतरी फुलपाखरांच्या असतात आणि झुडूप पुन्हा पालवते.

साल : सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन असते. कातडी कमावण्यासाठी बाभळीच्या सालीप्रमाणे तरवडाचीही साल वापरात होती. दक्षिण भारतातील चर्मोद्योग एके काळी मोठ्या प्रमाणात तिच्यावर चाले. पुढे दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या वॅटल सालीने तिची जागा घेतली. साल हवी असल्यास दोन-तीन वर्षांच्या फांद्या छाटून घ्याव्यात, बुंध्यातून नवे फुटवे येतात. उभ्या खोडाची साल गोल सोलल्यास झुडूप मरते. औषधासाठी साल ओरबाडणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

औषधी उपयोग : साल स्तंभक आहे, तोंड आले असता तिच्या काढ्याने चूळ भरतात. कोवळ्या काड्या दातवणासाठी वापरतात. मधुमेहावर फुले आणि बिया आयुर्वेदात सांगितल्या असून सिद्ध वैद्यकातील ‘आवारै कुडिनीर’ या काढ्यातही तरवड असतो. फुलांच्या अर्काने उंदरांच्या रक्तातली साखर उतरल्याचे प्रयोग आहेत. माणसांबाबत एवढा भक्कम पुरावा नाही. म्हणून चालू गोळ्या बंद करून तरवडाचा काढा घेणे धोक्याचे आहे. गोळ्यांसोबत घ्यायचा असला तरी डॉक्टरांना सांगूनच घ्यावा, कारण साखर अति उतरू शकते. सुक्या फुलांचा चहा रोज पिण्याची सवयही निर्धास्त मानता येत नाही : श्रीलंकेतील संशोधकांना १९८१ मध्ये या वनस्पतीत यकृताला बाधक ठरू शकणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइडे आढळली होती. गरोदर स्त्रिया व यकृताचे रुग्ण यांनी तो टाळावा.

बाजारात सोनामुखीच्या पानांत तरवडाच्या पानांची भेसळ होते. दोन्ही एकाच प्रजातीतल्या असल्या तरी सोनामुखीचा रेचक गुण तरवडाच्या पानांत नाही, त्यामुळे अशा मालाचा पोट साफ होण्यासाठी उपयोग होत नाही.