घमेल्याचा हिशेब

मी सहावीत असताना आमच्या वस्तीत एका कॉलेजचे श्रमदान शिबिर आले होते. मुलांनी दोन दिवस गटार खणले, फोटो काढले. जेवायला मात्र ती गावातल्या शाळेत गेली. आमच्या माठाला कुणी हात लावला नाही. माझी आई बांधकामावर घमेली वाहायची. ती एवढेच म्हणाली, "त्यांनी केलं की श्रमदान, आपण केलं की मजुरी." आज मीच विद्यार्थ्यांना शिबिराला नेतो. म्हणून अमेरिकेतल्या अलाबामाचा इतिहास वाचताना ते गटार आठवत राहते.

१९७२ साली आपण पँथर हे नाव काळ्यांच्या चळवळीतून घेतले. त्यांच्या विटांचा इतिहास मात्र फारसा वाचला नाही. गुलामीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली टस्कीगी येथे काळ्या विद्यार्थ्यांची शाळा काढली. इमारती विद्यार्थ्यांनीच बांधायच्या, हा त्यांचा हट्ट. पालक चिडले. पोरे शिकायला धाडली की राबायला? पिढ्यान् पिढ्या राबलेल्या माणसांचा हा सवाल चुकीचा नव्हता. विटांच्या तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरला गहाण टाकले, आणि ती साधली. पुढे आसपासचे गोरे लोक त्याच विटा विकत न्यायला येऊ लागले. वीस वर्षांत ४० इमारती झाल्या. त्यांतल्या ४ सोडल्या तर बाकीच्या जवळजवळ संपूर्ण विद्यार्थ्यांच्या हातच्या. वॉशिंग्टन यांची राजकीय तडजोड मला मान्य नाही. १९०३ साली डू बॉइस यांनी तिच्यावर केलेली टीकाच मला पटते. तरी तिथे राबणारे आणि राहणारे एकाच समाजाचे होते, हे विसरता येत नाही.

टस्कीगीपासून तीसेक किलोमीटरवर ऑबर्न विद्यापीठ आहे. तिथे पहिल्या काळ्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला १९६४ साली. याच विद्यापीठातील सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या अध्यापकांनी १९९३ साली 'रूरल स्टुडिओ' सुरू केला आणि वास्तुकलेचे विद्यार्थी हेल परगण्यात नेले. हा मुलूख काळ्या मातीचा, कापसाचा आणि गुलामीचा. मेसन्स बेंड वस्तीत एका वृद्ध काळ्या दांपत्यासाठी १९९४ साली त्यांनी घर पुरे केले. पेंढ्याच्या गाठी रचून भिंती, वरून गिलावा, पुढे मोठी पडवी, मागे नातवंडांसाठी तीन कोनाडे. कुटुंबाला काय हवे, हे आधी विचारले होते. आमच्या शिबिरात ते कुणी विचारले नव्हते.

पण एकेक घर आगळे, कौतुकाचे, आणि फुकट. अशाने शेजाऱ्याचे छप्पर गळायचे थांबत नाही. मॉकबी २००१ साली वारले. २००५ पासून स्टुडिओने वेगळा हिशेब मांडला. तुटपुंज्या सरकारी पेन्शनवर जगणारा माणूस फेडू शकेल एवढे कर्ज म्हणजे २० हजार डॉलर. घर तेवढ्यात बसवायचे. त्यातले सुमारे १२ हजार साहित्याला, उरलेले बांधणाऱ्याची मजुरी आणि नफा. ठेकेदाराकडून बांधून घेताना पुढे हा आकडा टिकला नाही, आणि इतके लहान गृहकर्ज द्यायला बँकाही राजी नसतात. तरीही मजुरीचा तो आकडा मला मोलाचा वाटतो. घमेले उचलणाऱ्याची किंमत तिथे नकाशाबरोबरच कागदावर आली.

यंदाच्या शिबिराच्या अंदाजपत्रकात मी गवंडी आणि बिगारी यांच्या मजुरीचा रकाना घातला. पोरे फुकट राबत असताना हा कशाला, असे मला विचारण्यात आले. रकाना मी खोडलेला नाही.