विवाहित पुरुषांतील हस्तमैथुन व अपराधभाव

जोडीदाराच्या सहभागाशिवाय, स्वतःच्या हाताने वा अन्य प्रकारे जननेंद्रिय उत्तेजित करून कामतृप्ती मिळवणे म्हणजे हस्तमैथुन. ही वयात येणाऱ्या मुलांची सवय असून लग्न झाले की ती आपोआप सुटते, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकी संशोधक आल्फ्रेड किन्झी यांच्या १९४८ मधील अहवालात सुमारे ९२ टक्के अमेरिकी पुरुषांनी आयुष्यात कधी ना कधी हस्तमैथुन केल्याचे नोंदले गेले आणि लग्नानंतरही ते चालू ठेवणारे त्यांत पुष्कळ होते. पत्नीचे गरोदरपण व बाळंतपण, आजारपण, तिचे माहेरी जाणे, नोकरीसाठी दूर राहणे, एका खोलीत सगळे कुटुंब झोपत असल्याने न मिळणारा एकांत, दोघांच्या इच्छेतील तफावत अशी कारणे त्यामागे असतात. कित्येकदा यांपैकी एकही कारण नसते. पत्नीवर प्रेम असलेला, तिच्याशी समाधानाचे शरीरसंबंध असलेला पुरुषही अधूनमधून हस्तमैथुन करतो. त्यात विकृती नाही आणि प्रतारणाही नाही.

शरीराच्या दृष्टीने हस्तमैथुनातील वीर्यस्खलन आणि समागमातील वीर्यस्खलन यांत हानी-लाभाचा फरक नाही. एका वेळी साधारण दीड ते पाच मिलिलिटर वीर्य बाहेर पडते. त्यातील बहुतांश भाग शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी यांच्या स्रावांचा असून शुक्रजंतूंचा वाटा फार थोडा असतो. शुक्रजंतू वृषणांत अखंड तयार होत राहतात. एक शुक्रजंतू पूर्ण घडायला सुमारे अडीच महिने लागतात. वीर्य साठवून ठेवल्याने बळ वाढत नाही. स्खलन झाले नाही तर जुने शुक्रजंतू शरीरातच विरून जातात. लघवीतून पांढरे जाते म्हणून घाबरलेल्या पुरुषांत बहुधा फॉस्फेटचे क्षार किंवा शौचाला जोर केल्याने आलेला ग्रंथींचा स्राव आढळतो.

तरीही भीती खोलवर आहे, आणि तिला दोन उगम आहेत. आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा व शुक्र असे सात धातू क्रमाने घडतात, म्हणून शुक्र हे सर्वांचे सार ठरले. लोकमानसाने त्यावर रक्ताच्या अमुक थेंबांपासून वीर्याचा एक थेंब, असा हिशेब रचला. तालमीत ‘लंगोटाचा पक्का’ हे पैलवानाचे भूषण झाले. याच आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरण हे कामजीवनाचे स्वतंत्र अंग आहे, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते. दुसरा उगम युरोपातला. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये ‘ओनानिया’ ही निनावी पुस्तिका निघाली; १७६० मध्ये स्विस वैद्य तिसो यांनी हस्तमैथुनामुळे वेड, अंधत्व व क्षय जडतात असे वैद्यकीय भाषेत मांडले. एकोणिसाव्या शतकात ही शिकवण इंग्रजी वैद्यक आणि शाळांमार्फत भारतात आली व इथल्या वीर्यनाशाच्या कल्पनेशी बेमालूम मिसळली.

या भीतीतून उद्भवणाऱ्या आजाराला मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याचा उल्लेख आहे. अशक्तपणा, कंबरदुखी, छातीत धडधड, विसरभोळेपणा, झोप न लागणे या तक्रारी घेऊन रुग्ण येतो आणि ‘धातू जाते’ हे त्यांचे कारण सांगतो. अविवाहित तरुणांत हा आजार अधिक ठळक दिसतो. विवाहितांत तो दबून राहतो. पत्नी बाहेर बाकावर बसलेली, आत नवरा ‘अंगात ताकद नाही, टॉनिक द्या’ म्हणतो. रक्तदाब बघून होतो, जीभ बघून होते, चिठ्ठी लिहून होते, आणि डॉक्टरांनी घाई केली नाही तरच मग खाली मान घालून येते : ‘लहानपणी हाताची सवय होती.’ लग्नाला दहा वर्षे झालेली असतात, दोन मुले असतात, तरी ती जुनी सवय आज शरीर पोखरते आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नसते.

लग्न या अपराधभावाला नवे वळण देते. कुमारवयात तो देवाचा किंवा आईवडिलांचा धाक असतो. नवऱ्याच्या मनात तो पत्नीच्या हक्काचे काहीतरी उधळल्याचा सल होतो. पहिल्या रात्री ताठरता आली नाही, वीर्य लवकर पडले, दिवस राहायला वेळ लागला, तर दोष त्याच सवयीला. पुढची यंत्रणा साधी पण क्रूर आहे. लिंगाला ताठरता येण्यासाठी तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडाव्या लागतात. चिंतेने शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि त्या आकसतात. आपण कमजोर आहोत या धास्तीने शेजेवर गेलेला पुरुष धास्तीमुळेच अपयशी ठरतो, आणि ते अपयश त्याला धास्ती खरी असल्याचा पुरावा वाटते. मास्टर्स व जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० मध्ये लैंगिक अपयशाच्या मुळाशी असलेली ही चिंता सविस्तर मांडली.

या समजुतीचा सर्वांत मोठा तोटा मात्र वेगळाच आहे. चाळिशी-पन्नाशीत ताठरता कमी होण्यामागे मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, काही औषधे ही कारणे वारंवार आढळतात. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने रक्तवाहिन्यांचा विकार तिथे आधी जाणवतो. हृदयविकाराची ती पूर्वसूचना असू शकते. जो पुरुष हे सारे तारुण्यातल्या हस्तमैथुनाचे फळ समजतो तो रक्तातील साखर तपासत नाही. रेल्वेरुळांलगतच्या भिंतीवर ‘गुप्तरोग’ रंगवणाऱ्या वैदूकडे तो जातो, पैसे घालवतो आणि उपचाराची मोलाची वर्षे गमावतो. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. ती कागदावरच राहिली, ही संतापाची गोष्ट आहे.

मूल होत नसलेल्या जोडप्यांत हा संकोच प्रयोगशाळेत उघडा पडतो. वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवस स्खलन टाळून नमुना सहसा हस्तमैथुनानेच द्यायचा असतो. हातात नाव लिहिलेली प्लॅस्टिकची डबी, बाहेर थांबलेले लोक, आणि आयुष्यभर जे पाप मानले तेच आता मागणी म्हणून करायचे. पुष्कळांना ते जमत नाही. मग तपासणी लांबते, आणि तोवर दोष नसलेल्या पत्नीच्या तपासण्या चालूच राहतात.

हस्तमैथुनाने कधीच अडचण येत नाही, असे म्हणणेही बरोबर नाही. फार घट्ट पकडीची किंवा विशिष्ट पद्धतीचीच सवय जडली, तर समागमात स्खलन लांबू शकते. पद्धत हळूहळू बदलल्यास हे बहुधा सुधारते. काम, झोप, संसार बाजूला पडूनही आवरता येत नसेल, तर उपचार हवेत. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत अनावर लैंगिक वर्तनाचा विकार समाविष्ट झाला, मात्र केवळ नैतिक नापसंतीतून येणारा त्रास हे निदानाला पुरेसे नाही, असे तिथे स्पष्ट केले आहे. पत्नीचा प्रश्नही खरा आहे. नवऱ्याचे हस्तमैथुन अचानक कळले की ‘मी कमी पडते का’ असे तिला वाटते. लपवाछपवीने हे दुःख वाढते. पतीला जवळीक टाळण्याची सवय लागली असेल, तर तिची तक्रार रास्तच असते.

महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे बोलण्याची किंमत र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांनी मोजली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत चालवलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून झालेल्या अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. खटला ते हरले, पण लैंगिक ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे हा मुद्दा न्यायालयात मांडला गेला. पुढे मुंबईत डॉ. महिंदर वत्स (१९२४–२०२०) यांनी ऐंशी उलटल्यावर ‘मुंबई मिरर’ मध्ये रोजचे प्रश्नोत्तराचे सदर सुरू केले. हस्तमैथुनाने काही बिघडत नाही, हे त्यांना अखेरपर्यंत पुन्हा पुन्हा लिहावे लागले.

उपचारात ‘काही झालेले नाही, घरी जा’ हे पुरत नाही. रुग्णाचा त्रास खरा असतो. तो उडवून लावला की रुग्ण पुन्हा वैदूकडे वळतो. आधी पूर्ण ऐकून घ्यावे, साखर व रक्तदाब तपासावा, आकृती काढून वीर्य कसे बनते ते समजवावे. नैराश्य वा चिंतारोग असेल तर त्यावर औषध द्यावे. शेजेवरची धास्ती असलेल्या जोडप्याला मास्टर्स व जॉन्सन पद्धतीने काही आठवडे समागम पूर्णपणे वर्ज्य करून केवळ स्पर्शाचा सराव सांगतात. जमले पाहिजे हा ताण गेला की ताठरता बहुधा परत येते. पत्नीला बाहेरच्या बाकावरून आत बोलावण्यापूर्वी नवऱ्याची संमती घ्यावी, कारण त्याने आजवर जे कोणालाच सांगितलेले नाही ते तिला कधी व किती सांगायचे, हे त्यानेच ठरवायचे असते.