लोकगीतांची एक पेढी

ग्रामोफोन कंपन्यांच्या वार्षिक याद्या ज्यांनीं कधीं चाळल्या असतील त्यांना ठाऊक असेल कीं, गाणें मरतें तें बहुधा यादींत मरतें. गवई गाऊन जातो, त्याचा आवाज तबकडीवर उतरतो, चार-दोन वर्षें ती तबकडी दुकानांतून मिळते. आणि मग एके वर्षीं छापील यादींतून तिचें नांव गळतें. त्याची कोठें वार्ताही होत नाहीं. खप कमी झाला एवढेंच कारण असतें, आणि व्यापाराच्या दृष्टीनें तें पुरेसेंही असतें. आपल्याकडील नाट्यपदांच्या किंवा शाहिरी पोवाड्यांच्या तबकड्यांसाठीं जुन्या बाजारांत हिंडलेल्या रसिकांना ह्याचा अर्थ सांगावयास नको. आज मी ज्या पेढीची हकीकत सांगणार आहें ती अमेरिकेंत, न्यूयॉर्क शहरीं, १९४८ सालीं निघाली. एका माणसानें, मोजक्या साहाय्यकांना हाताशीं धरून, ती जवळजवळ चाळीस वर्षें चालविली. तिचें नांव फोकवेज रेकॉर्ड्‌स. एकदां यादींत आलेलें नांव पुन्हां काढावयाचें नाहीं, हा तिचा नियम होता.

त्या माणसाचें नांव मोझेस ॲश. त्याचा जन्म १९०५ मध्यें वॉर्सा येथें झाला. वडील शोलेम ॲश हे यिद्दिश भाषेंतील नामवंत कादंबरीकार. तेव्हां घरांत लेखक व नट ह्यांचा राबता. मोझेस लहान असतांनाच हें कुटुंब फ्रान्समार्गें न्यूयॉर्कला येऊन राहिलें. साहित्यिकाचा हा मुलगा शब्दांच्या वाटेला न जातां तारा आणि दिवे जोडूं लागला. रेडिओचें शास्त्र शिकावयास तो जर्मनींत गेला. तेथील सोबत्यांनीं, अमेरिकेला स्वतःचें असें लोकसंगीत नाहींच, म्हणून त्याला हिणविलें. आणि पुढें सुटींत पॅरिसला गेला असतां, जॉन लोमॅक्सनें १९१० मध्यें प्रसिद्ध केलेला गुराख्यांच्या गाण्यांचा संग्रह जुन्या पुस्तकांच्या एका दुकानांत त्याच्या हातीं लागला. ही गोष्ट तो उतारवयांतही मोठ्या चवीनें सांगत असे.

न्यूयॉर्कला परतल्यावर त्यानें रेडिओदुरुस्तीचें दुकान थाटलें. तेथील एका यिद्दिश दैनिकाचें स्वतःचें नभोवाणी-केंद्र होतें. त्याची यंत्रसामग्री बसविण्याचें काम ॲशकडे आलें. केंद्राला वाजविण्यासाठीं यिद्दिश गाणीं हवीं होतीं, पण मोठ्या कंपन्यांनीं तसल्या अल्पसंख्य भाषांच्या तबकड्या काढणें जवळजवळ सोडून दिलें होतें. तेव्हां ॲशनेंच त्या काढावयास आरंभ केला. म्हणजे ह्या धंद्याचा उगमच मुळीं दुसऱ्यांनीं टाकून दिलेल्या जागेंत झाला. त्याच सुमारास तो वडिलांबरोबर प्रिन्स्टन येथें आइन्स्टाइन ह्यांच्या भेटीस गेला. यूरोपांतील ज्यूंच्या साहाय्यार्थ त्यांचें निवेदन मुद्रित करावयाचें होतें. तरुणानें पुढें काय करण्याचा विचार आहे, असें आइन्स्टाइननीं विचारलें आणि आपल्या काळाचे आवाज नोंदून ठेवण्याच्या कल्पनेला उत्तेजन दिलें, असें ॲश सांगत असे. अशा आठवणी सांगतां सांगतां थोड्या गोंडस होतात हें खरें. पण पुढील पंचेचाळीस वर्षें त्यानें केलें तें हेंच.

१९४१ मध्यें त्याच्या मुद्रणगृहांत लेडबेली नांवाचा नीग्रो गायक आला. बारा तारांचें गिटार वाजविणारा हा मनुष्य खुनाच्या आरोपावरून तुरुंगवास भोगून आला होता. त्याच्याकडून ॲशनें गाऊन घेतलीं तीं मुलांचीं खेळगाणीं! तुरुंगांतून आलेल्या माणसानें मुलांना गाणीं शिकवावींत, ह्यावर वृत्तपत्रांतून टीका झाली. त्या टीकेमुळें ह्या लहानशा पेढीचें नांव तरी चार लोकांच्या कानीं गेलें.

पुढें महायुद्ध आलें आणि त्याचा एक धागा थेट आपल्या देशापर्यंत पोंचतो. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत. आणि ही लाख मुख्यतः हिंदुस्थानांतून, छोटा नागपुरांतील पळस, बोर आणि कुसुंब ह्या झाडांवरून जाई. समुद्रमार्ग धोक्याचे झाले. लाख लढाईच्या कामींही लागूं लागली. १९४२ मध्यें अमेरिकन सरकारनें तबकड्यांसाठीं लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. ॲशकडे गायक होते, लाख नव्हती. स्टिन्सन नांवाच्या दुसऱ्या एका लहान कंपनीकडे लाखेचा वांटा होता, गायक नव्हते. दोघांनीं १९४३ मध्यें भागी केली. ह्याच कालखंडांत, १९४४ च्या वसंतांत, वुडी गथ्री हा भटका कवि-गायक व्यापारी जहाजांवरील नोकरींतून सुटी मिळतांच ॲशकडे आला आणि थोड्याच आठवड्यांत त्यानें दीडशेंहून अधिक गाणीं मुद्रित केलीं. ज्याला पुढें अमेरिकेंत जवळजवळ राष्ट्रगीताचा मान मिळाला तें त्याचें 'धिस लॅंड इज युवर लॅंड' हें गीत त्यांतलेंच. तें कित्येक वर्षें फडताळांतच पडून होतें.

युद्धानंतर ॲशला मोठा व्यापारी व्हावेंसें वाटलें. डिस्क ह्या नांवानें नवी कंपनी काढून त्यानें जॅझ संगीतांत भांडवल गुंतविलें. एका लोकप्रिय गायकाच्या नाताळांतील तबकड्या हिमवादळामुळें वेळेवर दुकानांत पोंचल्या नाहींत आणि आपण बुडालों, असें तो म्हणत असे. वादळ निमित्त झालें असेल. मोठ्या खपाच्या आशेवर कर्ज काढणें हें खरें कारण मला दिसतें. त्याचें दिवाळें वाजलें. १९४८ मध्यें फोकवेज निघाली ती, म्हणूनच, त्याच्या नांवानें नव्हे. ती निघाली मेरियन डिस्टलर ह्या बाईंच्या नांवानें. ॲश कागदोपत्रीं नुसता सल्लागार. डिस्टलरबाई १९६४ मध्यें वारल्या. तोंपर्यंत हिशेब, पत्रव्यवहार आणि धन्याचा तापट स्वभाव हीं तिन्ही त्यांनीं सांभाळलीं. पेढ्यांचे इतिहास लिहितांना अशा बाईंना एका ओळींत उरकण्याची चाल आहे. मीही इथें तेंच करीत आहें, कारण बाईंनीं स्वतःविषयीं फारसें लिहून ठेवलेलें नाहीं.

आतां ही पेढी चाले कशी, हें पाहण्याजोगें आहे. दिवाळ्यानें ॲशला एक धडा दिला होता: एकाच तबकडीवर मोठी आशा ठेवावयाची नाहीं, थोड्या खपाच्या पुष्कळ तबकड्या काढावयाच्या. एखादी तबकडी प्रथम कांहीं शेंच काढावयाची आणि मागणी येईल तशी पुन्हां थोडी थोडी दाबून घ्यावयाची, म्हणजे माल पडून राहत नाहीं. वेष्टन साध्या काळ्या पुठ्ठ्याचें. त्यावर छापलेला कागद चिकटविला कीं काम झालें. चित्राचा खर्च वांचला तरी आंतील पुस्तिकेचा खर्च त्यानें वांचविला नाहीं. गाण्याचे शब्द, तें कोणत्या गांवीं आणि कोणत्या प्रसंगीं गातात, वाद्यें कोणतीं, हें सर्व त्या पुस्तिकेंत असे. किंमत बाजारभावाहून थोडी चढी. गिऱ्हाईक बहुतेक शाळा, महाविद्यालयें आणि सार्वजनिक ग्रंथालयें. हीं गिऱ्हाइकें फॅशन पाहून खरेदी करीत नाहींत आणि उधारीही सहसा बुडवीत नाहींत. त्यांतच काळानें हात दिला. १९४८ मध्येंच लाखेऐवजीं व्हायनिलची, सावकाश फिरणारी लांब तबकडी बाजारांत आली. आणि पाठोपाठ हातांत उचलून नेतां येईल असें फितीचें ध्वनिमुद्रणयंत्र. मग मानवशास्त्राचे अभ्यासक, प्रवासी, हौशी संग्राहक दूरदूरच्या खेड्यांतून फिती भरून आणूं लागले आणि ॲश थोडीशी रक्कम देऊन त्या घेऊं लागला. आफ्रिका, हैती, इंडोनेशिया, आपला हिंदुस्थान, सर्वांच्या तबकड्या त्या काळ्या वेष्टनांत शेजारीं शेजारीं बसल्या.

पेढीच्या सबंध आयुष्यांत अशा २१६८ तबकड्या निघाल्या. म्हणजे आठवड्यास एकीहून अधिक. त्यांत लोकगीतें होतीं, कविता होत्या, भाषणें होतीं. १९५८ मध्यें उत्तर अमेरिकेंतील बेडकांच्या आवाजांची एक तबकडी निघाली. १९६४ मध्यें कचेरींतील टंकलेखनयंत्रांच्या व इतर यंत्रांच्या खडखडाटाची. बेडकांचे आवाज पैसे देऊन कोण ऐकणार, असें आपण म्हणूं. कोंकणांतल्या मंडळींना तर ते पावसाळ्यांत फुकट मिळतात. पण प्राणिशास्त्राच्या अध्यापकाला ते हवे होते. वर्षाला दोन-चारच प्रती खपणाऱ्या तबकड्या यादींतून कां काढीत नाहीं, असें विचारलें असतां ॲशचें उत्तर ठरलेलें असे: एखादें अक्षर कमी वापरांत येतें म्हणून शब्दकोशांतून तें कोणी काढून टाकतो काय?

ह्या वृत्तीचें सर्वांत मोठें फळ १९५२ मध्यें दिसलें. हॅरी स्मिथ नांवाचा एक विक्षिप्त, निष्कांचन कलावंत आपला जुन्या तबकड्यांचा सांठा विकावयास ॲशकडे आला. त्या तबकड्या १९२७ ते १९३२ ह्या काळांत मोठ्या कंपन्यांनींच काढलेल्या आणि मंदीच्या लाटेंत यादींतून गाळलेल्या होत्या. विकूं नकोस, त्यांतून निवड करून दे, असें ॲशनें त्याला सांगितलें. स्मिथनें ८४ गाणीं निवडून तीन खंडांत लाविलीं. गोरे आणि काळे गायक त्यानें बेमालूम मिसळले, कोण कोणत्या वर्णाचा हें कोठें लिहिलेंच नाहीं. ह्या 'अँथॉलॉजी'नें पुढील दशकांतील लोकगीतांच्या चळवळीला मूळ पाठ पुरविला. मिसिसिपी जॉन हर्ट हा त्यांतला एक गायक. १९२८ मध्यें तो मोजकीं गाणीं गाऊन गेला. मग पस्तीस वर्षें शेतांत राबला. त्याच्याच एका जुन्या गीतांत ॲव्हलॉन ह्या गांवाचें नांव होतें. त्यावरून शोध काढीत १९६३ मध्यें चाहते तेथें गेले, तों म्हातारा जिवंत आणि आवाजही शाबूत! त्याच वर्षीं न्यूपोर्टच्या महोत्सवांत हजारों तरुणांनीं त्याला ऐकलें. १९६६ मध्यें तो वारला.

त्या ८४ गाण्यांचे हक्क मोठ्या कंपन्यांचे होते आणि ॲशनें परवानगी घेतली नव्हती, हें लपवून चालणार नाहीं. कंपन्यांनीं जें बाजारांतून काढून घेतलें तें मिळविण्याचा जनतेला अधिकार आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. कायद्यापुढें तो टिकला असता असें मला वाटत नाहीं. पण त्याहून बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. ॲश गायकांनाही नियमित मानधन देत नसे. कोणी अडचणींत आला तर खिशांतून कांहीं डॉलर काढून देई. पण खपाचा हिशेब आणि त्यावरील वांटा ह्याविषयीं कित्येक कलावंतांनीं उघड तक्रारी केल्या आहेत. सर्व याद्या जिवंत ठेवण्याचा खर्च शेवटीं कोणीतरी सोसलाच होता, आणि त्यांत गायकांचा हिस्सा मोठा होता. दुसऱ्या पारड्यांत हेंही घातलें पाहिजे कीं, पीट सीगर ह्याच्यावर राजकीय मतांसाठीं १९५७ मध्यें खटला भरला गेला, सभागृहांचीं व नभोवाणीचीं दारें त्याला बंद झालीं, तेव्हां ॲश त्याच्या तबकड्या काढीतच राहिला. त्याच शाळांतून वाजत होत्या. पुढें १९६२ मध्यें सीगरची शिक्षा वरिष्ठ न्यायालयानें रद्द केली.

आतां प्रश्न उरला तो घरच्या धंद्यांत नेहमींच उरणारा. ॲश म्हातारा झाला. मुलगा मायकेल मानवशास्त्राचा प्राध्यापक. त्याचें कार्यक्षेत्र कॅनडांत. घेणारे व्यापारी मिळाले असते. पण व्यापाऱ्यानें पहिल्या दिवशीं काय केलें असतें? खपणाऱ्या शे-दोनशें तबकड्या ठेवून बाकीच्यांना निरोप दिला असता. वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेशीं बोलणीं ॲशच्या हयातींतच सुरू झालीं होतीं. १९८६ च्या ऑक्टोबरांत तो वारला आणि व्यवहार वारसांनीं १९८७ मध्यें पुरा केला. त्यांत एक अट होती: यादींतील प्रत्येक तबकडी कायम उपलब्ध राहिली पाहिजे. घराण्यानें पैशाबरोबर बापाचा नियम वसूल केला, असें मी म्हणेन. खरेदीसाठीं निधि हवा होता. तो उभारण्यासाठीं १९८८ मध्यें बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन आदि गायकांनीं गथ्री आणि लेडबेली ह्यांचीं गाणीं गाऊन एक तबकडी काढली. ती प्रसिद्ध केली कोलंबियानें. ज्यांच्या टाकलेल्या तबकड्या ॲशनें उचलल्या होत्या त्या बड्या कंपन्यांपैकीं एक!

संस्थेनें अट पाळली आहे. मागणी येईल तशी एकेक प्रत फितीवर, पुढें लखलखत्या लहान चकतीवर उतरवून ती पाठवूं लागली; आतां तीं गाणीं तारेवरूनही घरबसल्या मिळतात. 'अँथॉलॉजी' १९९७ मध्यें रीतसर परवानग्या घेऊन पुन्हां निघाली. बेडकांचीही आवृत्ति १९९८ मध्यें निघाली. आणि इतर लहान घरगुती पेढ्यांचे मालक एकेक करून आपला सांठा घेऊन त्याच दाराशीं आले. १९९० मध्यें एमरी कुक आणि त्याची पत्नी ह्यांनीं आपली सबंध कंपनी संस्थेला दान केली. २०१६ मध्यें कॅलिफोर्नियांतील आर्हूली ह्या पेढीचा संग्रह आला. ती पेढी ख्रिस स्ट्राखविट्झ ह्यानें १९६० मध्यें टेक्सासच्या मॅन्स लिप्सकम ह्या शेतकरी गायकाच्या अवघ्या २५० तबकड्यांवर सुरू केली होती. त्यांचीं वेष्टनें त्यानें व त्याच्या मित्रांनीं घरींच बसून हातानें चिकटविलीं होतीं.